दगडावर उभी राहणारी गाडी

नागपूरजवळ हिंगण्याच्या बाजूला एक बंद पडलेली खदान आहे. गिट्टी काढून काढून तिचा एक अर्धगोल कडा उरलाय आणि खाली लहानमोठ्या काळ्या दगडांचा पसारा. रविवारी सकाळी आम्ही तिघं-चौघं आपापल्या रिमोटच्या गाड्या घेऊन तिथे जातो. शेळ्या चारणारे एक काका बहुतेक वेळा असतातच. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, "कितीक पळते हो हे?"

हा प्रश्न मला सगळेच विचारतात. मी सांगितलं, ही पळत नाही, चढते. माणूस चालतो त्याच्यापेक्षाही हळू जाते. त्यांनी काठी बगलेत धरली आणि बघत राहिले. गाडीचं पुढचं डावं चाक एका दगडाच्या कडेवर टेकलं होतं, उजवं हवेत होतं, मागची दोन्ही फटीत. मी ट्रिगरवरचं बोट काढलं. गाडी होती तिथेच राहिली, नाक वर करून, जराही मागे न सरकता. काका म्हणाले, "बकरीच होय हे. कशी उभी राह्यली पाय!"

रॉक क्रॉलर म्हणजे काय, हे मला याहून चांगलं सांगता येत नाही. शेळी कड्यावर चढते ती धावून नाही. एक पाय टाकते, थांबते, पाहते, मग दुसरा टाकते. क्रॉलरची सगळी करामत त्या थांबण्यात आहे. नायट्रो, म्हणजे इंधनावर चालणारी छोट्या इंजिनाची गाडी घ्यावी की इलेक्ट्रिक, असं कोणी विचारलं की मला आता ती शेळी आठवते. पण हे कळायला माझी तीन वर्षं गेली, कारण मी सुरुवात नायट्रोपासून केली होती.

त्याला कारण माझा काका. बाबांचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे आरएक्स १०० होती, ९८ सीसीची टू-स्ट्रोक. तो गांधी गेटाकडून वळला की महालातल्या आमच्या घरात आजी चहाचं आधण ठेवायची, इतका तो आवाज ओळखीचा. मी सहा-सात वर्षांचा असताना टाकीवर पुढे बसायचो. टू-स्ट्रोकचा धूर, तापलेलं तेल, पायाला लागणारी इंजिनाची धग, हे माझ्यासाठी 'गाडी' या शब्दाचा अर्थ आहे. काका गेला, गाडी विकली गेली. पुढे कितीतरी वर्षांनी एका ओळखीच्या मुलाने मैदानावर छोटी नायट्रो गाडी सुरू केली आणि तो वास पुन्हा आला. थोडा वेगळा, जास्त गोडसर. त्यात एरंडेल असतं, हे मला नंतर कळलं.

मी महिन्याभरात पुण्याच्या एका माणसाकडून सेकंडहँड नायट्रो ट्रक मागवला. १/१० मापाचा, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याचा, अडीच सीसीचं इंजिन. मुठीत मावेल एवढं. त्यात स्पार्क प्लग नसतो, ग्लो प्लग असतो. आत प्लॅटिनमची बारीक तार. सुरू करताना तिला दीड व्होल्टचा सेल लावून लाल करायचं, दोरी ओढायची, इंजिनाने पकडलं की सेल काढून घ्यायचा. त्यानंतर ती तार स्वतःच्या बळावर तापलेली राहते, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथे उष्णता तयार होते आणि प्रत्येक स्फोट तिला पुन्हा तापवतो. मला आजही हे फार सुंदर वाटतं. एकदा पेटवलं की स्वतःला पेटतं ठेवणारी तार!

इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. माझ्या डब्यावर २० टक्के नायट्रो लिहिलेलं होतं. नायट्रोमिथेनचा गुण असा की त्याच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आसपास, नायट्रोमिथेनला १.७ पुरते. म्हणजे त्याच इवल्या सिलिंडरमध्ये, तेवढ्याच हवेत, कितीतरी जास्त इंधन जाळता येतं. म्हणूनच मुठीएवढं इंजिन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या पुढे जातं आणि अंगावर काटा आणणारा आवाज काढतं.

सुईची गोष्टही सांगायला हवी. कार्बोरेटरला दोन नीडल, एक वरच्या रेसची, एक खालच्या. पाव फेरी नव्हे, फेरीचा सोळावा हिस्सा इकडचा तिकडे झाला की इंजिनाचा स्वर बदलतो. मिश्रण सैल, म्हणजे त्यात इंधन जास्त असेल तर ते जड, ओलं बोलतं आणि निळसर धूर सोडतं. कसलं की धूर कमी होतो, आवाज टोकदार होतो. आणखी कसलं की तापून बंद. सकाळी सहाला लावलेली सुई नऊला चुकीची ठरते, कारण तोवर नागपूरची हवा तापून विरळ झालेली असते. मी कान लावून ते शिकलो. ते शिकण्यात जे सुख होतं ते मला बॅटरीच्या गाडीने कधीच दिलेलं नाही. पुढे मी काय म्हणणार आहे ते बाजूला ठेवा, पण हे खरं आहे.

मग मला दगडांचा नाद लागला. परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ पाहिले आणि वाटलं, आपल्याकडे तर दगडच दगड आहेत. नागपूरच्या पश्चिमेचा हा काळा पाषाण दख्खनच्या लाव्ह्याचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. आपलं शहर त्या लाव्ह्याच्या पूर्वेच्या काठावर बसलेलं आहे. सेमिनरी हिल्सच्या पायथ्याच्या एका वस्तीचं नावच मुळी गिट्टीखदान. दुसऱ्या बाजूला कामठीकडे गेलं की वालुकाश्म लागतो; भूगर्भशास्त्रात त्या थराला 'कामठी' असंच नाव आहे. काळा दगड फोडला की त्याला धारदार कडा येतात, आणि उन्हापावसात पडून राहिला की कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत सुटत गोल होतो. एकाच खदानीत दोन्ही तऱ्हा मिळतात. क्रॉलरवाल्याला आणखी काय हवं?

माझ्याकडे नायट्रो ट्रक होताच. मी ठरवलं, यालाच क्रॉलर करायचा. डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरमध्ये, इपॉक्सी भरून ते लॉक केलं, म्हणजे एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला जोर मिळतो. मऊ टायर घातले. हिंगणा एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून गिअर कमी करायला जास्तीची जोडी बनवून घेतली. महिनाभर रात्री तेच काम. आणि तरीही गाडी दगडावर जे करायला हवं ते करत नव्हती. का, ते मी शेवटी वहीत मांडून पाहिलं.

नायट्रो इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये सेंट्रिफ्यूगल क्लच असतो. आपल्या लुनाच्या जातीचा. रेस वाढली की क्लचचे शू बाहेर फेकले जातात आणि भोवतीच्या वाटीला, म्हणजे बेलला, पकडतात. रेस उतरली की सुटतात. क्लच दहा हजार फेऱ्यांना पकडतो असं धरा. माझा एकूण गिअर ४० ला १. म्हणजे क्लच पकडतो त्या क्षणी चाक मिनिटाला २५० फेऱ्या फिरायला बघतं. ११ सेंटिमीटरच्या टायरचा परीघ साधारण ३५ सेंटिमीटर. मिनिटाला ८७ मीटर. ताशी पाच किलोमीटरहून जास्त, आणि ही त्या गाडीची सगळ्यात कमी चाल! मोठ्या जीपच्या मापात आणलं तर ताशी पन्नासने दगडावर जाण्यासारखं झालं. मला सेकंदाला पाच सेंटिमीटर हवे होते. त्यासाठी गिअर ११६० ला १ करावा लागला असता, आणि मग इंजिन तीस हजार फेऱ्यांवर किंचाळत असतानाही गाडी सेकंदाला पंधरा सेंटिमीटरच गेली असती. इथून तिथपर्यंत जायलासुद्धा टाकी संपली असती.

याच्यामधला मार्ग एकच, क्लच अर्धवट घसरवत ठेवायचा. तो मी महिनोन्‌महिने वापरला. शू जळायचे, बेल निळी पडायची.

आणि थंड होणं. या इंजिनाला पाणी नाही, पंखा नाही. डोक्यावरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवरून वारा जातो तेवढाच थंडावा. गाडी पळत असेल तर वारा मिळतो. दगडावर इंचाइंचाने चढणाऱ्या गाडीला कुठला वारा? शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास राहायला हवं ते इंजिन मेमध्ये बघता बघता त्याच्या वर जायचं. थंड राहावं म्हणून मिश्रण सैल करावं, तर सावकाश रेसवर इंधन जास्त होऊन ते बंद पडायचं. कसावं तर तापून बंद.

त्या मे महिन्यातली एक सकाळ मला लख्ख आठवते. सातच वाजले होते तरी दगडाला हात लावताना चटका जाणवत होता. गाडी एका तिरक्या कडप्प्यावर अर्धी चढली होती. पुढचं चाक किंचित वळवायचं म्हणून मी रेस सोडली. रेस सोडली की क्लच सुटतो, क्लच सुटला की इंजिन आणि चाक यांचा संबंध संपतो, आणि उतारावर गाडीला धरून ठेवणारा फक्त सर्व्होने, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणाऱ्या छोट्या मोटरीने, ओढला जाणारा छोटा डिस्क ब्रेक उरतो. त्याची तार ढिली झाली होती. गाडी मागे घरंगळली, दोनदा उलटली आणि टाकी वर, इंजिन खाली अशी पडली. शेळ्या केव्हाच पळून गेल्या होत्या. आवाज एकदम बंद झाला.

मी खाली उतरून ती सरळ केली आणि घाईत दोरी ओढली. प्लग काढून आत साचलेलं इंधन आधी बाहेर सोडायला हवं होतं, हे मला माहीत होतं. दोरी अर्ध्यात अडली, मी जोर लावला. द्रव दाबला जात नाही. आत काहीतरी कट्‌ झालं. घरी उघडून पाहिलं तर कनेक्टिंग रॉड वाकला होता. काकाची गाडी मोडल्यासारखं वाटलं मला त्या रात्री.

आमचं दुकान मोटर रिवाइंडिंगचं आहे. बाबांनी पन्नास वर्षं तेच केलं, मीही तेच करतो. मार्च लागला की कूलरच्या मोटरी येऊ लागतात आणि जूनपर्यंत मान वर करायला वेळ नसतो. पंप, मिक्सर, गिरणीच्या मोटरी वर्षभर असतातच, पण नागपुरात आमचा खरा हंगाम उन्हाळा. दुकानात वार्निशचा वास, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं. असं असताना मी विजेच्या गाडीचा विचार आधी का केला नाही? दिवसभर हातात असतं त्याचं माणसाला अप्रूप वाटत नाही, दुसरं काय.

वाकलेला रॉड घेऊन मी दुकानात बसलो होतो तेव्हा बाबांनी विचारलं, "काय करायचं हाये नेमकं त्या गाडीनं?" मी म्हटलं, हळू चढायचं आहे, आणि मध्येच थांबून राहायचं आहे, उतारावर. ते काही बोलले नाहीत. खणातून त्यांनी एक जुनी डीसी मोटर काढली, कुठल्यातरी मोडलेल्या मशीनची. माझ्या हातात दिली. "फिरव शाफ्ट." मी चिमटीत धरून फिरवला, सहज फिरला. मग त्यांनी तिच्या दोन वायरींची टोकं एकमेकांना पिळून जोडली. "आता फिरव."

शाफ्ट जड झाला होता. मधात बुडवल्यासारखा. जितक्या जोरात फिरवावा तितका तो अडत होता. सेल नाही, करंट नाही, फक्त दोन वायरी एकत्र.

मोटर फिरवली की ती जनरेटर होते, एवढं मला माहीत होतंच; दुकानातला पोरगाही सांगेल. वायरी जोडल्या की तिने तयार केलेली वीज तिच्यातच फिरते आणि फिरवणाऱ्या हाताला विरोध करते. क्रॉलरच्या ईएससीमध्ये, म्हणजे मोटरला वीज कमीजास्त सोडणाऱ्या सर्किटमध्ये, ज्याला ड्रॅग ब्रेक म्हणतात तो नेमका हाच. ट्रिगर सोडला की ईएससी मोटरची टोकं आतल्या आत जोडून टाकतो. उतारावर चाक जरा मागे फिरू पाहतं, तर गिअरमुळे मोटरला त्याच्या चाळीसपट फिरावं लागतं, आणि तिथेच ते अडतं. वेगळा ब्रेक नाही, तार नाही, ढिलं होणारं काही नाही. जी वस्तू चढवते तीच धरून ठेवते. शेळीचा खूर.

दुसरी गोष्ट जोराची. इंजिन शून्य फेऱ्यांवर शून्य जोर देतं. ते बंदच असतं. डीसी मोटर उलट, उभी असताना तिचा जोर सगळ्यात जास्त. म्हणून तिला क्लच लागत नाही, आयडलिंग लागत नाही. रिव्हर्ससाठी वेगळा गिअर नको, फक्त दिशा बदलायची. दगडात अडकलेल्या गाडीला दोन इंच मागे घेऊन पुन्हा लावणं हे क्रॉलिंगमध्ये दर मिनिटाला करावं लागतं, आणि माझ्या नायट्रोला रिव्हर्सच नव्हता.

या छंदाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसतं. तामिया कंपनीचा क्लॉड बस्टर १९८७ साली आला. तो काही क्रॉलर नव्हता, मॉन्स्टर ट्रक होता, पण दोन्ही ॲक्सलवर एकेक मोटर बसवलेली. पुढे दगडांवर चढणाऱ्यांनी त्याचेच ॲक्सल काढून आपल्या गाड्या बांधल्या. नंतर ॲक्सियलने खास क्रॉलर काढले, २०१७ मध्ये ट्रॅक्ससचा टीआरएक्स-४ आला, रिमोटवरून लॉक होणारे डिफरन्शियल आणि चाकाच्या मध्यापेक्षा वर बसणारे पोर्टल ॲक्सल घेऊन. हे सगळं विजेवर. हौशी लोकांनी नायट्रोचे आणि छोट्या फोर-स्ट्रोक इंजिनांचे क्रॉलर केलेत, त्यांची कारागिरी पाहून हात जोडावेत अशी असते. पण ते चालवताना त्यांचं अर्धं लक्ष इंजिनाकडे असतं आणि दगड बाजूला राहतो.

मी पहिली विजेची गाडी घेतली ती साधी, ब्रश मोटरची. ५४० मापाची, ५५ टर्नची. टर्न म्हणजे आर्मेचरवरचे तारेचे फेरे, आणि हा शब्द वाचून मला घरी आल्यासारखं झालं. फेरे जास्त, तार बारीक, तर त्याच करंटला जोर जास्त आणि पळणं कमी. शर्यतीवाले १३-१७ टर्न घेतात, क्रॉलरवाले ३५, ४५, ५५. आणखी एक बारकावा: स्वस्त मोटरींच्या आर्मेचरला तीन खाचा असतात, त्या अगदी हळू फिरवल्या तर झटके देत फिरतात. पाच खाचांची मोटर घ्या. फरक ट्रिगरच्या पहिल्या मिलिमीटरलाच कळतो. ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली घ्यायची तर सेन्सर असलेली घ्या. सेन्सर नसलेल्या मोटरीत ईएससीला रोटर कुठे आहे ते तो फिरू लागल्यावरच कळतं, आणि आपल्याला तर तो जवळजवळ उभा असतानाच काम हवं असतं. नवशिक्याने मात्र ब्रशच घ्यावी. कार्बन झिजतात, बदलता येतात, मोटर स्वस्त असते, आणि चूक झाली तर शिकायला मिळतं.

वजनाचंही तसंच. चढणाऱ्या गाडीला वजन खाली हवं आणि पुढे हवं. बॅटरी पुढच्या ॲक्सलच्या अगदी वर झोपवता येते. नायट्रोमध्ये इंजिन, पाइप, टाकी जिथे बसतात तिथेच बसतात, आणि टाकी रिकामी होते तसा तोल बदलत जातो. शिवाय गाडी तिरकी झाली की टाकीतलं इंधन एका कोपऱ्यात जातं आणि नळी हवा ओढायला लागते. क्रॉलर तर सदानकदा तिरकाच!

पण बॅटरीचं गुणगान ऐकून कोणी फसू नये. एक हिशोब मी हौसेने करून पाहिला. माझी लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, दोन सेलची, ७.४ व्होल्ट, ५००० एमएएच. म्हणजे ३७ वॉट-तास. ७५ सीसीच्या नायट्रोच्या टाकीत याच्या कितीतरी पट ऊर्जा असते. तरी टाकी दहा-बारा मिनिटांत संपते आणि ही बॅटरी दगडांवर दीड तास चालते, कारण इंजिन उभं असतानाही जळत असतं आणि मोटर उभी असताना काही खात नाही. वीज स्वच्छ असते असंही मी म्हणणार नाही. कोराडीच्या कोळशाच्या वीजकेंद्राच्या चिमण्या नागपूरकराला दिसतात. आपल्या प्लगमध्ये काय जळून येतं ते आपल्याला माहीत आहे.

आणि आपला उन्हाळा लायपोचा वैरी आहे. पहिल्याच मेमध्ये मी दोन बॅटऱ्या बंद कारमध्ये ठेवून चहाला गेलो. परत आलो तर एकीच्या पोटाला फुगवटा आलेला. फुगलेली लायपो पुन्हा वापरायची नाही, कितीही जीव तुटला तरी. आतला वायू बाहेर पडला आणि ठिणगी मिळाली तर ती आग विझवणं सोपं नसतं. तेव्हापासून बॅटऱ्या मी जेवणाच्या डब्याच्या जाड पिशवीत नेतो, सावलीत ठेवतो, गाडीतून काढल्यावर पूर्ण निवेपर्यंत चार्जरला लावत नाही. घरी चार्जिंग फरशीवर, बाजूला वाळूची बादली. महिनाभर वापरायच्या नसतील तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायच्या, पूर्ण भरून नाही. हे सगळं कटकटीचं वाटेल, पण मिथेनॉलही काही साधं नाही. ते विष आहे, आणि त्याची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. घरात लहान मूल असेल तर तो डबा कुलपात हवा. माझ्या मुलीच्या जन्मानंतर मी उरलेलं इंधन घरातून काढून टाकलं, ते याच भीतीने.

मुलीवरून आठवलं. तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीतली सगळी पोरं लाकडी बैल सजवून, दोरीने ओढत घरोघर नेतात. गेल्या वर्षी तिने हट्ट धरला की तिचा नंदी क्रॉलरने ओढायचा. मी मागच्या बंपरला सुतळी बांधली. गल्लीतल्या फरशा कुठे उचकटलेल्या, कुठे गटाराचं झाकण वर आलेलं, आणि त्यावरून झुल पांघरलेला, शिंगांना बेगड लावलेला एवढासा बैल लहान मुलाच्या पावलाने चालला होता. ती रिमोट धरून मागे, तिच्या मागे सात-आठ पोरं. मध्ये एका आजीने बैलाच्या पायावर पाणी घालायला हात केला, तशी मुलीने ट्रिगर सोडला. बैल थांबला. आजींनी पाणी घातलं, कुंकू लावलं, मुलीच्या हातावर दहाची नोट ठेवली, आणि बैल पुन्हा चालू लागला. पोरांच्या पायात ती नायट्रो मी कधीही सोडली नसती.

म्हणून विचारणाऱ्याला मी हेच सांगतो. मोकळं मैदान असेल, उड्या मारायच्या असतील, सुईशी खेळायला वेळ आणि कान असतील, शेजारी दूर असतील, तर नायट्रो जरूर घे. तिच्यासारखं दुसरं काही नाही. दगडावर चढायचं असेल तर विजेचीच घे, आणि पैसे मोटरीपेक्षा आधी टायरांवर, सर्व्होवर आणि चांगल्या ईएससीवर घाल. ड्रॅग ब्रेक कमीजास्त करता येतो ना, ते विचारून घे.

माझं नायट्रो इंजिन मी विकलेलं नाही. नवा रॉड टाकलाय, आत तेल सोडून, कापडात गुंडाळून दुकानाच्या वरच्या फळीवर ठेवलंय. अधूनमधून काढून फ्लायव्हील बोटाने फिरवतो. वर पिस्टन घट्ट होतो तिथली ती पकड अजून छान आहे.

डिसेंबरात बाबा पहिल्यांदा माझ्याबरोबर खदानीत आले. गुडघे दुखतात म्हणून त्यांना एक सपाट दगड पाहून बसवलं. थंडी होती, सगळं इतकं शांत की टायरखाली खडा सरकला तरी ऐकू येत होतं. वर टिटवी ओरडत होती. मी गाडी त्याच तिरक्या कडप्प्यावर घातली जिथून नायट्रो घरंगळली होती. अर्ध्यात थांबवली. चाक वळवलं. पुढे घेतली, सुटली, दोन इंच मागे घेतली, पुन्हा लावली. चौथ्या खेपेला पुढचा टायर कडेवर चेपला गेला, पकडला, आणि गाडी वर आली.

मी ती उचलून बाबांकडे नेली. त्यांनी चष्मा वर केला, मोटरीवर तळहात ठेवला. कूलरच्या मोटरीवर ठेवतात तसाच, मनात आकडे मोजत.

"गरम झाली हाये, पण जळाची नाही," ते म्हणाले. "अजून दोन फेऱ्या मार. मंग थंडी होऊ दे."